चार दोष असलेली गाडी

४ मार्च, सोमवार

आज संपादकांनी मला गाडी दिली. म्हणजे चालवायला नाही, लिहायला. मला गाडी चालवता येत नाही हे मी मुलाखतीतच सांगितलं होतं, कारण नोकरीची सुरुवात लपवाछपवीनं करायची नाही असं मी ठरवलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "अहो, आमचे निम्मे लेखक न चालवताच लिहितात. तुम्ही निदान कबूल तरी करता."

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं मोटारींचं मासिक निघतं. दोन महिने मी तिथे मुद्रितं तपासते आहे. 'पहिली छाप' हे सदर लिहिणाऱ्या परीक्षकांची पाठ धरली आणि डॉक्टरांनी त्यांना तीन आठवडे आडवं केलं. नेमकी याच शनिवारी एका कंपनीची नवी छोटी एसयूव्ही दिवसभरासाठी आमच्याकडे येणार आहे. संपादक म्हणाले, "चालवणारा कुणीतरी शोधा, तुम्ही शेजारी बसा, अडीच पानं लिहा. चांगलं लिहा, मागच्या पानावर त्यांची जाहिरात आहे."

मी म्हटलं, "जे दिसेल ते लिहीन."

"तेच म्हणतोय मी. चांगलं दिसेल."

चालवणारा शोधायला मला कुठे जावं लागणार नाही. बाबा एकतीस वर्षं गाड्या चालवताहेत, त्यातली शेवटची अकरा शाळेची बस. चाळीस मुलं रोज त्यांच्या भरवशावर घराबाहेर पडतात. आजवर बसला एक ओरखडा नाही. गेल्या काही महिन्यांत तीन पडले, पण बस आता जुनी झाली आहे.

५ मार्च, मंगळवार

बाबा नको म्हणाले.

"कशाला गं? माझी बस बरी. मी तिला ओळखतो, ती मला ओळखते."

आई म्हणाली, "जा की. जन्मभर लोकांचे खटारे हाकलेत, एक दिवस नव्या गाडीत बसा."

"बसायचं नाहीये, चालवायचीय."

"मग काय, चालवणं विसरलात?"

मी बाबांना समजावलं की ज्यांचं अख्खं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं त्यांचं मत कुणी छापत नाही, आणि ज्यांची पाठ दोन तासांत धरते ते गाड्यांचे जाणकार ठरतात. हा अन्याय मला दूर करायचा आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उजेडी आहे ना?"

"सकाळी नऊला."

"मग येतो."

व्यावसायिक माणूस आधी परिस्थिती विचारून घेतो. हे लेखात घालायला हवं.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तिचा मला फार आनंद आहे. चौथी शिकलेले माझे बाबा गेल्या आठवड्यापासून इंग्रजी अक्षरं शिकताहेत. स्वतःहून एक कागद घेऊन आले. वर एक मोठं ई, खाली एफ-पी, त्याखाली टी-ओ-झेड, अशा आठ ओळी. कुठून आणला विचारलं तर म्हणाले, "एका भिंतीवर होतं. एकाकडून लिहून घेतलं." मी म्हटलं, आपण एपासून सुरू करू. ते म्हणाले, "नको, असंच शिकव. वरून खाली, ओळीनं." शिकणाऱ्याच्या ओढीपासून सुरुवात करावी असं मी कुठेतरी वाचलं आहे. कागद चहाच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवला आहे. बाबा मात्र त्याच्याकडे न बघताच म्हणतात. स्मरणशक्ती विलक्षण आहे.

घरात मी पहिली पदवीधर. पण शिकण्याची इच्छा माझ्यापासून सुरू झाली नसावी, बाबांकडूनच आली आणि परत त्यांच्याकडे गेली असावी.

७ मार्च, गुरुवार

बसमावशी येऊन गेल्या. बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला असतात त्या. आईशी बोलता बोलता म्हणाल्या, "आता सिग्नल मीच सांगते दादांना. 'दादा, लाल.' 'दादा, सोडा.' गतिरोधक आला तरी मीच ओरडते. घसा बसला माझा."

आई म्हणाली, "म्हणजे चालवते कोण?"

"पाय त्यांचे, तोंड माझं," मावशी म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

मला मात्र यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. हाताखालच्या माणसाला कामाच्या निर्णयात असं सामील करून घेणं मोठमोठ्या कार्यालयांत जमत नाही. कॉलेजात आम्हाला यावर एक अख्खं प्रकरण होतं.

बाबांच्या तपासणीची तारीख आली आहे, अठ्ठावीस मार्च. शाळेच्या बसवाल्यांना वर्षातून एकदा डोळ्यांची चिठ्ठी द्यावी लागते. ती असली की वर्षभर बस त्यांची.

९ मार्च, शनिवार

गाडी नऊला आली. आधी मी पट्टी घेऊन मोजमापं घेतली, कारण 'ऐसपैस', 'देखणी' असले शब्द वापरायचे नाहीत असं ठरवलं आहे. डिकीचं तोंड एकशे दोन सेंटिमीटर. मागच्या सीटवर गुडघ्यापुढे सोळा. समोरच्या पडद्यावर वेगाचे आकडे नऊ मिलिमीटर उंच.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. प्रत्येक चाकाला पायानं हलकेच टोचलं, दार उघडलं-मिटलं, आवाज ऐकला. मग म्हणाले, "रंग बरा आहे. फिकट पिवळा."

माहितीपत्रकात 'शुभ्र' लिहिलं होतं आणि मलाही पांढराच वाटत होता. पण मी गाड्या बघायला लागून दोन महिने झालेत, त्यांना एकतीस वर्षं.

निघालो. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवतात तेव्हा खूप शांत दिसतात. गिअर टाकल्याचा आवाज येत नाही, ब्रेक लागला ते कळत नाही. मी मांडीवर वही घेऊन ते सांगतील ते उतरवत होते.

पहिली गोष्ट आकडे. "वेग किती आहे बघ गं," असं त्यांनी चारदा विचारलं. मला स्पष्ट दिसत होते, पण मी तेवीस वर्षांची आहे. कंपनीनं अनुभवी चालकांचा विचार केलेला नाही.

दुसरी गोष्ट काच. नदीच्या पुलावर ऊन समोरून आलं तेव्हा ते म्हणाले, "काचेला काहीतरी लावलंय यांनी. धुरकट आहे. ऊन फुटतं आतल्या आत." मी काच बोटानं पुसून पाहिली. बोट स्वच्छ. म्हणजे दोष काचेच्या आतच आहे.

तिसरी गोष्ट डावी बाजू. या गाडीत डावीकडचा अंदाजच येत नाही. शाळेच्या वळणावर चाक फुटपाथवर चढलं आणि धप्पकन उतरलं. बाबा ओशाळले. मी त्यांना सांगितलं, तुमचा काय दोष, बॉनेटचा आकारच तसा आहे.

चौथी गोष्ट ते टी-टी करणारं यंत्र. बाजूला काही आलं की वाजायला हवं. बाजारपेठेत ते विनाकारण वाजत सुटलं. बाबा म्हणाले, "डावीकडे तर काहीच नाही." मी वहीतून मान वर केली तेव्हा एक सायकलवाला फुटपाथला टेकून आमच्याकडे बघत जोरजोरात हात हलवत होता. मीही हात केला. नव्या गाडीचं लोकांना फार अप्रूप असतं. हेही लिहिलं.

पुढचे दोन किलोमीटर बाबा पंचवीसच्या वेगानं चालले. मागे हॉर्नचा गोंधळ झाला. मी विचारलं, गाडीत दम नाही का? ते म्हणाले, "गाडीत आहे."

घरासमोर गाडी थांबवल्यावर बराच वेळ त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. मी वही मिटत विचारलं, "एका वाक्यात पहिली छाप?"

"गाडी चांगली आहे गं."

"पण चार दोष सांगितलेत तुम्ही."

"मी सांगितले?"

किती नम्रता असावी माणसात.

११ मार्च, सोमवार

साडेतीन पानं झाली. संपादकांनी वाचून चष्मा काढला.

"हे चारही दोष तुम्ही स्वतः पाहिलेत?"

"चालवणाऱ्यानं अनुभवलेत. एकतीस वर्षांचा चालक आहे तो."

"दुसऱ्या कुठल्याच मासिकानं यातला एकही लिहिलेला नाही."

"मग त्यांनी बघितला नसेल."

ते म्हणाले, काचेचं गाळा, यंत्राचं सौम्य करा. मी म्हटलं, एक वाक्य जरी गळलं तरी मी उद्यापासून येणार नाही. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "जाऊ द्या. यंदा कुणी आपल्याला शिव्यासुद्धा दिलेल्या नाहीत."

लेखाचं शेवटचं वाक्य: 'आम्ही जे दिसलं ते लिहिलं आहे.'

१६ मार्च, शनिवार

अंक आला. संध्याकाळी आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं, बाबा खुर्चीत बसले आणि मी अख्खा लेख मोठ्यानं वाचला. आई मध्ये मध्ये "बाईसाहेब, सावकाश" म्हणत होती. बाबांना दाद देण्याची सवय नाही हे मला माहीत आहे. दुसऱ्या दोषापाशी त्यांनी चहा खाली ठेवला. तिसऱ्यापाशी म्हणाले, "ते पुन्हा वाच. डावीकडचं."

पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आमच्या बसलाही हेच आहे. आकडे, काच, डावी बाजू. सगळं."

मी थक्क झाले. पंधरा वर्षं जुनी बस आणि पंधरा दिवसांची गाडी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोष अगदी तेच. म्हणजे हा एका कारखान्याचा प्रश्न नाही, संपूर्ण व्यवसायाचा आहे. पुढचा लेख यावरच.

बाबांनी विचारलं, "असा दोष कळला की गाडीचं काय करतात?"

"दुरुस्त करतात."

"आणि दुरुस्त होईपर्यंत?"

"रस्त्यावर आणायचीच नाही. आत माणसं बसतात ना. मी तरी असंच लिहीन."

ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

शिकल्याचं सार्थक झालं असं आज पहिल्यांदा वाटलं.

१९ मार्च, मंगळवार

बाबांनी काल शाळेत बसची किल्ली परत दिली. मुख्याध्यापिकांना म्हणाले, तपासणी होईपर्यंत दुसरा माणूस बघा. त्यांनी विचारलं, मग चिठ्ठी मिळेल ना? बाबा म्हणाले, बघू. त्या म्हणाल्या, नाही मिळाली तर जागा धरून ठेवता येणार नाही.

आई माझ्यावर भडकली आहे. "तू आणि तुझे दोष. अकरा वर्षांची नोकरी. घरात बसून काय करणार हा माणूस?"

मला धाकधूक आहे, खोटं कशाला लिहू. पण एक साधा माणूस सदोष बस चालवायला नकार देतो, आणि तेही माझं लिखाण ऐकून, याचा अभिमान वाटल्याशिवाय राहत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तसं काही नाही गं." आणि अक्षरांचा कागद भिंतीवरून काढून घडी करून खिशात ठेवला. शिकणंही थांबवलंय. मी आग्रह केला नाही.

२२ मार्च, शुक्रवार

कंपनीचं पत्रक आलं. 'ग्राहकांच्या सूचनांचा आदर करून' चारही बाबतीत सुधारणा केलेली, मागे 'NEW' अशी लाल पट्टी लावलेली आवृत्ती दोन महिन्यांत येते आहे. आकडे ठळक, काच नितळ, डावी बाजू मोकळी, यंत्र समंजस.

संपादकांनी सगळ्यांना चहा पाजला. मागच्या पानाबरोबर आता मधलं पानही कंपनीनं घेतलं आहे. मला म्हणाले, "तुमच्या वडिलांना विचारा, आणखी काही दोष आहेत का."

२८ मार्च, गुरुवार

मी तपासणीला बाबांबरोबर गेले होते.

छोटीशी खोली, एक खुर्ची, मागे मला स्टूल. समोर भिंतीवर तक्ता. वर एक मोठं ई. खाली एफ-पी. त्याखाली टी-ओ-झेड.

मी खालपर्यंत वाचत गेले. आठही ओळी मला पाठ होत्या. मीच शिकवल्या होत्या.

तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, एक डोळा झाका आणि वाचा."

बाबांनी तळहात डोळ्यावर ठेवला. मला वाटलं, आता ते सुरू करतील. आणि खरं लिहायचं तर, त्या क्षणी त्यांनी सुरू करावं असं मला वाटलं. किल्ली, नोकरी, आई, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. 'जे दिसलं ते लिहिलं' असं छापणारी मी.

बाबा म्हणाले, "बाई, वरचं मोठं तेवढं दिसतंय. त्याच्या खाली सगळं पिवळट धुकं आहे. म्हणून दाखवा म्हणालात तर शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे. मुलीनं शिकवलंय. चांगलं शिकवलंय."

तपासणाऱ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर वही होती. सवयीनं उघडली होती.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पार पिकलेला. काढले की दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. "वर्ष तरी झालं असेल. आधी का नाही आलात?"

"मला वाटायचं बस जुनी झाली."

परतताना आम्ही चालत आलो. मी त्यांचा डावा हात धरला होता. बाबा म्हणाले, "आधी बसवर ढकलता येत होतं. मग कळायला लागलं, तरी म्हटलं, अजून दोनेक वर्षं निघतील, मावशी आहेच. नव्या गाडीनं घात केला. तू वाचत होतीस आणि एकेक दोष ओळखीचा निघत होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितले की. चार सांगितले. तू लिहून घेतलेस."

साडेतीन पानांत मी बाबांच्या डोळ्यांचं परीक्षण केलं होतं. नीट केलं होतं. रंगापासून डाव्या बाजूपर्यंत काही सुटलं नव्हतं. सुटला तो एक सायकलवाला, ज्याला मी हात केला. आणि रोजची चाळीस मुलं.

२९ मार्च, शुक्रवार

दुरुस्ती लिहून नेली. 'मागील अंकात नोंदवलेले चारही दोष गाडीचे नव्हते. चूक लेखिकेची आहे.' एवढंच.

संपादकांनी वाचून कागद मला परत दिला. "छापता येणार नाही."

"पण खरं आहे."

"असेल. कंपनीनं दोष मान्य केलेत, सुधारलेत, पत्रक काढलंय. आता तुम्ही म्हणणार, ते नव्हतेच. मग त्यांनी सुधारलं काय?"

राजीनामा देते असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरात सध्या एकच नोकरी आहे. कागद वहीत ठेवला आहे.

२५ मे, शनिवार

इतके दिवस लिहिलं नाही. एप्रिलमध्ये बाबांचा डावा डोळा झाला, या महिन्याच्या सुरुवातीला उजवा. पट्टी काढली त्या दिवशी त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "केस इतके पांढरे कधी झाले?" आई म्हणाली, "तुम्ही बस चालवत होतात तेव्हा." शाळा म्हणते, जूनमध्ये पुन्हा तपासा, चिठ्ठी आणा, मग बघू. मावशींनी निरोप पाठवला आहे की नव्या माणसाला सगळं स्वतःला दिसतं, त्यामुळे फार कंटाळा येतो.

मी शिकाऊ परवाना काढला. पुन्हा कुणाच्या डोळ्यांनी लिहायचं नाही.

आज गाडीची सुधारित आवृत्ती आली. संपादक म्हणाले, "तुमच्याच लेखामुळे झाली, पहिली छाप तुमचीच." कार्यालयामागच्या मोकळ्या पटांगणात मी चालवली, बाबा शेजारी. "क्लच हळू. अगं, ती पळून जात नाहीये." चार फेऱ्यांत तीनदा बंद पडली. त्यात दोष गाडीचा नव्हता. डावीकडे दगडांचा ढीग होता, तिथे यंत्र वाजलं, ढीग गेल्यावर थांबलं.

मग मी पट्टी काढली. डिकीचं तोंड एकशे दोन. गुडघ्यापुढे सोळा. वेगाचे आकडे, जे ठळक केले आहेत असं पत्रकात म्हटलं आहे, नऊ मिलिमीटर. दोनदा मोजले. मागच्या वहीतलं पान उघडून शेजारी धरलं.

काहीही बदललेलं नव्हतं.

बाबा तोवर उतरून पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. तिथून गाडीकडे बघत उभे होते.

मी ओरडून विचारलं, "काय दिसतंय?"

"पांढरी आहे गं ही," ते म्हणाले. "अगदी शुभ्र."

"आणखी काही?"

त्यांनी डोळे बारीक केले, मग मोठे केले. "मागच्या दारावर चिकटवलंय काहीतरी. लाल. तीन अक्षरं आहेत. मधलं ई."

मी वही उघडली. "आणि बाजूची दोन?"

"दिसताहेत स्वच्छ," बाबा म्हणाले. "पण ती आपल्या कागदात नव्हती."